थडग्यावर नाव न लागलेल्या मारेकऱ्यास

तरंगत्या डोळ्या,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुझ्यापुरती ती मोडतो. तुझ्याबद्दल प्रेम नाही, आणि नमस्कार घ्यायला तुला हात नाहीत. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही, नखं नाहीत. नेटहॅक या संगणकावरच्या खेळातल्या भुयारात निळ्या रंगाचं एक इंग्रजी ‘ई’ होऊन तू लोंबकळत असतोस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत असतोस. बघण्यापलीकडे तू जन्मात काही केलेलं नाहीस. तरी पत्र तुलाच लिहितो आहे, आणि तेही खुलं, कारण एका खुनाच्या नोंदीत तुझ्या जागी भलत्याचंच नाव लागलं आहे.

मेलेल्याचं नाव मुरार. जातीचा रानटी योद्धा. दोन्ही हातांनी पेलायची तलवार, कमरेला कुऱ्हाड, अंगात कड्यांचं चिलखत. मरणाची जागा भुयाराचा पाचवा मजला. त्याला चालवणारा माझा भाचा, राहणार कमरीपेठ, हुबळी. मुरार मेला तेव्हा पडद्यावर थडगं उमटलं. त्यावर मेलेल्याचं नाव, गाठीची सोन्याची नाणी, साल आणि मरणाचं कारण. कारण काय, तर न्यूटने मारलं. न्यूट म्हणजे बोटभर पाणसरडा, त्या सबंध खेळातल्या सगळ्यांत दुबळ्या जनावरांपैकी एक. चावला तर एक ते तीन गुणांची जखम करतो. कारणाला शेपूट जोडलेलं: एका राक्षसाच्या नजरेने गोठलेला असताना. कोणत्या राक्षसाच्या, ते कुठेच नाही. खेळाच्या २००३ सालच्या आवृत्तीत तर एवढंही लिहीत नसत, नुसतं ‘असहाय असताना’ म्हणून मोकळे होत. २०१५ पासून तुझ्या नजरेचा उल्लेख आला. नाव मात्र तेव्हाही आलं नाही.

पोराच्या कॉलेजात हे कळलं आणि मित्रांनी त्याची पाठ सोडली नाही. न्यूटने मारलेला पैलवान! घरी आला तो पडेल तोंडानेच. “मामा, न्यूटनं मारलं हो मला,” म्हणाला. मला राग आला तो तिथे. न्यूटने त्याला मारलं नाही. आमच्या कमरीपेठेला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. तिथल्या कुठल्याही हवालदाराला विचारलं तर तो सांगेल, की एकाने माणसाचे हात धरून ठेवले आणि दुसऱ्याने वार केला, तर फिर्यादीत दोघांची नावं येतात. तू मात्र या हिशेबातून सुटतोस, कारण तुझ्याकडे धरायला हातच नाहीत.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. १९८० साली अमेरिकेत मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ केला. चित्रं नाहीत, टंकयंत्रावरची चिन्हं तेवढी. भिंती म्हणजे रेघा, राक्षस म्हणजे अक्षरं, आपण म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात असतं ते ‘ॲट’चं चिन्ह. भुयार दर वेळी नव्याने रचलं जातं, आणि मेलात तर मेलात, जपून ठेवलेला डावही पुसला जातो. दोन वर्षांनी जे फेनलासन या शाळकरी मुलाने दोस्तांना घेऊन त्याच धर्तीवर ‘हॅक’ लिहिला. त्याला पुढे अनेकांचे हात लागत १९८७ साली नेटहॅक झाला, आणि तो आजही फुकट मिळतो आणि खेळला जातो. सगळ्यांत खालच्या थरातून येंडोरचा ताईत वर आणायचा आणि आपल्या देवापुढे ठेवायचा, एवढंच काम. त्यासाठी तेरा तऱ्हेचे नायक आहेत. जादूगार आहे, तिरंदाज आहे, भिक्षू आहे, गळ्यात कॅमेरा अडकवलेला पर्यटकसुद्धा आहे.

माझ्या भाच्याने रानटी योद्धा घेतला आणि वर एक पण केला. बाण सोडायचा नाही, चाकू फेकायचा नाही, कांडी चालवायची नाही, मंत्र म्हणायचा नाही. जे काही मारायचं ते पटावर असतं तशा शेजारच्या घरात उभं राहून, हातातल्या शस्त्राने. हातघाईची लढाई, दुसरं काही नाही.

तुला हा पण पोरकट वाटत असेल. तुझ्याविरुद्ध तो पोरकट आहेच, असं सगळे जाणते खेळाडूही सांगतात. तुझा वेग १ आहे आणि माणसाचा १२. आमची बारा पावलं होतात तेव्हा तुझं एक. लांब उभं राहून खंजीर फेकत बसलं, तर तू काहीही करू शकत नाहीस. पळू शकत नाहीस, उलटून मारू शकत नाहीस, ओरडतही नाहीस. नवशिक्याला सगळे जे पहिले धडे देतात त्यात हा असतोच: निळ्या ‘ई’ला हात लावू नको, लांबून मार. सल्ला बरोबर आहे. पण त्याने माझ्या भाच्याच्या पणाची किंमत शून्य होत नाही, आणि ती का होत नाही हे तुला सांगितल्याशिवाय मी हे पत्र संपवणार नाही.

आधी त्या दिवशी काय झालं ते. पोराने मला पावलोपावली सांगितलं आहे.

मुरार एका अरुंद बोळातून चालला होता. नेटहॅकमधले बोळ एका माणसाच्या रुंदीचे. हातघाईने लढणाऱ्याला तोच खरा आसरा असतो. उघड्या खोलीत आठ बाजूंनी आठ शत्रू येतात. बोळात समोरून एकच येऊ शकतो, मागे कितीही रांग लागू दे. ही अक्कल कुणा संगणकवाल्याने शोधलेली नाही. १६६० साली बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले ते याच हिशेबाने. समोर सिद्दी मसूदची फौज कितीही असो, खिंडीत एका वेळी शिरणार किती? पोरगं शिवचरित्र ऐकत वाढलेलं आहे. बोळ दिसला की त्याला बळ येतं. मागून कोल्हे लागले होते म्हणून तो मुद्दाम बोळात शिरला आणि एकेक करून कापत मागे सरकत राहिला. कोल्हे संपले. एक न्यूट तेवढा मागे रेंगाळत होता, त्याच्याकडे कोण लक्ष देतो? मुरार वळला, पुढे निघाला, आणि बोळाच्या वळणावर तू होतास.

या खेळात मारायची वेगळी कळ दाबावी लागत नाही. समोर जे उभं आहे त्याच्या दिशेने पाऊल टाकलं की तोच वार. चालणं आणि मारणं एकच. अंधाऱ्या बोळात तू दिसतोस तो अगदी पुढ्यात आल्यावर, आणि पायाची कळ तोवर दाबलेली असते. तलवार तुझ्यावर पडली. तू मेला नाहीस.

तुझी लबाडी इथे आहे आणि ती मी सावकाश लिहिणार आहे. एका घावात तू मेलास तर काहीच होत नाही. डोळा मिटला, नजर संपली. घाव बसून तू जिवंत राहिलास, तरीही दर वेळी काही होतं असं नाही. तीनपैकी एखाद्या वेळी मारणारा सहीसलामत सुटतो, आणि त्याला वाटतं की हा तर निरुपद्रवी आहे, आणखी एक घालू. उरलेल्या वेळी मात्र तुझी नजर त्याच्या नजरेला भिडते आणि तो आहे तिथे गोठतो. किती वेळ? १२७ खेळ्यांपर्यंत. त्या काळात पडद्यावर आमच्यासाठी काहीच उरत नाही. कळ दाबता येत नाही, बाटली तोंडाला लावता येत नाही, देवाला हाक मारता येत नाही. ओळी मात्र एकामागून एक येत राहतात: न्यूट चावला. न्यूट चुकला. न्यूट चावला. न्यूट चावला.

न्यूटचा वेग ६, म्हणजे माणसाच्या निम्मा. शंभर खेळ्यांत त्याला पन्नास संधी मिळतात. गोठलेल्या माणसावर नेमही अधिक बसतो, तसा हिशेबच खेळात आहे. चाव्यामागे सरासरी दोन गुण धर आणि तूच गुणाकार कर. वेळ तुझ्याकडे भरपूर असतो. पाचव्या मजल्यावरच्या योद्ध्याच्या अंगात इतका जीव नसतो. म्हणजे मुरार न्यूटपुढे कमी पडला नाही. मुरारने आपला शेवटचा वार केला तेव्हा तो धडधाकट होता, आणि त्यानंतरच्या साऱ्या खेळ्या तू त्याच्याकडून काढून त्या पाणसरड्याच्या पदरात टाकल्यास. थडग्यावर नाव त्याचं लागलं. तू वळणावर तसाच तरंगत राहिलास, एका जखमेसह.

शत्रूबद्दल माझी तक्रार नाही. भुयारात शत्रू असणारच. सैनिक मुंग्या आहेत, वेग १८, एका खेळीत चावतात आणि वर डंखही मारतात. किती नायक त्यांनी खाल्ले याची गणती नाही, पण त्या समोर येतात, अंगाला भिडतात आणि थडग्यावर आपल्या नावाने उभ्या राहतात. घोडमाणसं आहेत, धनुष्य घेऊन लांबून बाण मारतात. हातघाईवाल्याला त्यांच्यासारखा जाच दुसरा नाही. पण बाण कुणाचा ते कळतं. पोराने नायकाचं नाव मुरार ठेवलं ते मुरारबाजी देशपांड्यांवरून. १६६५ साली पुरंदराखाली ते तलवारीने दिलेरखानाच्या छावणीपर्यंत कापत गेले, खानाने कौल देऊ केला, तो त्यांनी झिडकारला, आणि खानाने स्वतः बाण मारून त्यांना पाडलं. सभासदाच्या बखरीत हे आहे. मारणारा कोण, ते तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. तलवार घेऊन चालून आलेल्याला लांबून पाडलं, म्हणून कुणी दिलेरखानाला मोठं म्हणत नाही, पण त्याने आपला बाण दुसऱ्याच्या नावावर खपवला नाही. तुझ्यात तेवढंही नाही.

आणखी एक बघ. याच खेळात सरदार नावाचा एक नायक आहे, घोड्यावर बसणारा, भाला धरणारा. त्याने पळणाऱ्या शत्रूवर किंवा हलू न शकणाऱ्या शत्रूवर शस्त्र उगारलं, तर खेळ तिथल्या तिथे त्याला नीच म्हणून झिडकारतो आणि त्याच्या पुण्याईतून वजा करतो. असहायावर वार करणं हे या भुयारात पाप आहे, आणि ते भुयार रचणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. मग दर थोड्या वेळाने एक धडधाकट माणूस असहाय करून भुकेल्यांच्या पुढ्यात ठेवणारा तू कोण? तुझ्या खात्यातून काय वजा होतं?

सोबतीच्या कुत्र्याचंही सांगतो. नायकाबरोबर एक पिल्लू असतं. ते दिसेल त्यावर धावून जातं, पण तुझ्यावर मात्र दहापैकी नऊ वेळा जात नाही. तू दिसलास की बाजूला होतं. कुत्र्याला ही समज जन्मजात दिलेली आहे. माणसाला ती दिलेली नाही, माणसाने ती मिळवायची आहे. इथे मी मुद्द्यावर येतो.

लोक म्हणतात, हातघाईचा योद्धा म्हणजे बिनडोक्याचा खेळ. जादूगाराला विचार करावा लागतो, तिरंदाजाला अंतर मोजावं लागतं, पण तलवारवाल्याने काय करायचं, समोर दिसलं की ठोकायचं. हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, आणि ते इतकं खोटं आहे, की तुझ्यावरच्या रागाइतकाच मला त्याचाही राग आहे. लांबून मारणाऱ्याला समोर काय आहे ते कळलं नाही तरी चालतं. चाकू फेकला, लागला, मेलं, पुढे चला. बुरशी पिवळी आहे की तपकिरी, त्याला काय फरक पडतो? हातघाईवाल्याला पडतो. पिवळी शिवली तर चटका बसतो, तपकिरी शिवली तर थंडीने जीव जाऊ शकतो, हिरवी आम्ल फेकते, तांबडी भाजते. निळ्या जेलीला हात लावायचा नाही. ॲसिडच्या थेंबाला मारलं तर शस्त्र झिजतं. कॉकाट्रिसला उघड्या हाताने शिवलं की माणूस दगड होतो, पण हातात तलवार असेल तर तलवारीने मारता येतं. त्या चौकोनी जेलीघनाला ठोसलं तर तुझ्यासारखंच गोठायला होतं. ही सगळी अक्षरं आणि हे सगळे रंग ज्याला पाठ नाहीत तो हातघाईने दहा मजले उतरत नाही. ज्याच्या अंगाला भिडायचं त्याची जात, वकूब आणि खोड आधी माहीत असावी लागते.

माझे वडील, म्हणजे या पोराचे आजोबा, तरुणपणी इथल्या गरडीत, म्हणजे तालमीत, कुस्ती करायचे. लाल मातीत उतरल्यावर आधी हात मिळवायचा. त्या क्षणी समोरच्याची पकड किती, उजवा भारी की डावा, श्वास कुठवर आला आहे, हे तळव्याला कळतं असं ते सांगत. नेटहॅकच्या बोळातला योद्धा हेच करतो, फक्त त्याला तळव्याऐवजी अक्षर आणि रंग वाचायचा असतो. पोराने हा पण घेतला तो यासाठी. “मामा, लांबून मारलं की काय मारलं तेच कळत नाही,” असं तो म्हणाला होता. त्याला त्या भुयारातलं प्रत्येक जनावर शेजारच्या घरात उभं राहून ओळखायचं आहे. यात पोरकट काय आहे?

आणि या पणाला साक्षीदार कुणी नाही, हेही तुला माहीत असायला हवं. नेटहॅक नायकाच्या व्रतांची नोंद ठेवतो. मांस खाल्लं नाही, नोंद. काहीच खाल्लं नाही, नोंद. एक अक्षर वाचलं नाही, देवाला हाक मारली नाही, स्वतःच्या हाताने एकही जीव घेतला नाही, हातातल्या शस्त्राने एकदाही मारलं नाही, सगळ्यांच्या नोंदी. पण जन्मभर फक्त हातातल्या शस्त्रानेच लढला, त्याची नोंद कुठेच नाही. ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’ नावाच्या २००६ पासूनच्या दुसऱ्या खेळात निदान ट्रॉग नावाचा एक देव आहे, तो मंत्र म्हणणाऱ्यांचा द्वेष करतो आणि कुऱ्हाड चालवणाऱ्यांच्या अंगात संचारतो. तिथे अशा योद्ध्याला देवाचं पाठबळ आहे. इथे काही नाही. शेवटपर्यंत पोचला तरी त्याचा पण त्यालाच ठाऊक. असा पण घेणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या थडग्यावर तू न्यूटचं नाव लावलंस.

तुझ्या बाजूने एक गोष्ट बोलली जाते ती मी लपवत नाही. तू नसतास तर नवशिक्यांना थांबून बघायची सवय लागली नसती, असं जुने खेळाडू म्हणतात. समोर काहीही न करणारं दिसलं की आधी विचार, हे तू शिकवतोस. शिकवतोस खरा, पण धड्याची फी आधी घेतोस, पूर्ण घेतोस, आणि धडा कोणी शिकवला तेही लपवतोस. ज्याला थडग्यावर ‘न्यूट’ दिसतो तो न्यूटपासून सावध व्हायला शिकतो! पोराने मला विचारलं नसतं, तर पुढचे सगळे डाव तो पाणसरड्यांना घाबरून खेळला असता आणि तुला पुन्हा आनंदाने ठोकला असता. २०२१ साली यंत्रबुद्धीच्या एका मोठ्या परिषदेत नेटहॅक खेळणाऱ्या यंत्रांची स्पर्धा झाली. खेळून खेळून स्वतः शिकणाऱ्या यंत्रांपेक्षा माणसांनी नियम लिहून दिलेली यंत्रं पुढे गेली, आणि ताईत घेऊन वर यायला तर एकालाही जमलं नाही. नुसतं मरून शिकण्यात किती शिकता येतं याचा तो हिशेब आहे. कुणीतरी सांगावं लागतं. कुणाच्या तरी मामाने, दादाने, जुन्या खेळाडूने. आमच्या घरी तर संध्याकाळी चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची ताटली मध्ये ठेवून हेच चालतं. बहिणीला वाटतं पोराचा अभ्यास घेतोय. घेतोयच की.

आता तुझ्याबद्दल जे मी त्याला सांगितलं आहे ते तुलाही सांगतो. उघड पत्र आहे, लपवायचं काही नाही.

तुला मारायला पण मोडावा लागत नाही. चाकू फेकावा लागत नाही, बाण लागत नाही, मंत्र लागत नाही. तुझं सगळं सामर्थ्य दोन नजरा भिडण्यात आहे. समोरच्याने तुला पाहिलंच नाही, तर तू कापसाचा बोळा आहेस. म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधायची. पट्टी नसेल तर टॉवेल. तोही नसेल तर मलईचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ तोंडाला फासून घ्यायचा, खेळात त्याचीही सोय आहे. डोळे बंद झाले की तू शेवटचा जिथे दिसला होतास त्या घराकडे तोंड करून लढायची कळ दाबायची, आणि तू संपेपर्यंत दाबत राहायची. तू सरकून सरकून जाणार कुठे, बाराला एक? शेजारच्या घरात उभं राहून, हातातल्या शस्त्राने. पण शाबूत.

आणि मग तुला खायचं. प्रेत मागे राहील की नाही ते नशिबावर आहे, पण राहिलंच, तर तुझं मांस खाणाऱ्याला दूरमनाची शक्ती मिळते, हमखास मिळते. तुझं वजन दहा, पोषणही दहा, भूक भागत नाही, पण त्यानंतर डोळे बांधले की त्या मजल्यावरची सगळी मनं त्याला दिसू लागतात. कुठल्या खोलीत कोण दडलंय, कोणत्या वळणावर कोण वाट बघतंय, सगळं. ज्या पट्टीने तुला मारलं तीच पट्टी पुढे सबंध भुयार बघायला कामी येते. खाली एकविसाव्या ते चोविसाव्या मजल्यांत कुठेतरी बेटावर मेडुसा बसलेली आहे. तिच्या नजरेने माणूस गोठून थांबत नाही, दगड होतो. तिच्यासमोरही डोळे बांधूनच जायचं असतं, आणि ती कुठे आहे ते तुझ्या मांसामुळे कळतं. तिच्या केसांतले साप चावतात, पण रानटी योद्ध्याला विष जन्मतःच बाधत नाही. म्हणजे हातघाईवाल्याला मेडुसापर्यंत नेणारा वाटाड्या तू आहेस. तुझ्या इच्छेला कुणी विचारलेलं नाही.

भाच्याने नवा डाव मांडला आहे. नायकाचं नाव पुन्हा मुरार, पुन्हा रानटी योद्धा, पुन्हा तोच पण. भुयारातल्या खाणीत एक टॉवेल सापडला तो त्याने पिशवीत जपून ठेवला आहे. चौथ्या मजल्यापासून खाली नायक मेला, तर तो मजला कधी कधी जसाच्या तसा जपला जातो आणि त्याच संगणकावरच्या पुढच्या एखाद्या नायकाला भेटतो. मेलेल्याचं भूत तिथे असतं, त्याचं सामान पडलेलं असतं, आणि त्याला मारणारे तिथेच वावरत असतात. तसं झालं, तर पाचव्या मजल्याच्या त्या बोळात पहिला मुरार आपल्या नावानिशी उभा असेल, न्यूट असेल, आणि वळणावर तू असशील, तलवारीची जखम घेऊन. पोरगं न्यूटला हात लावणार नाही. तसं त्याने ठरवलं आहे, मी सांगितलेलं नाही. तो टॉवेल बांधून सरळ तुझ्याकडे येईल.

कळावे.

मुरारचा मामा,
कमरीपेठ, हुबळी